उत्तर उताऱ्यात कुठे आहे?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका पूर्वी महाराष्ट्रात एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होत्या. पतीचा व्यवसाय कापडाचा असल्यामुळे गेली सहा वर्षे हे कुटुंब चीनमधील झेजियांग प्रांतात, शाओशिंगजवळच्या केछियाओ येथे राहत आहे. शेजारच्या चिनी कुटुंबातील मुलगी उच्च माध्यमिक शाळेच्या अखेरच्या वर्षात, तिथल्या बोलीत 'गाओसान'मध्ये, आहे. जानेवारीत झालेल्या गाओकाओच्या, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या, इंग्रजी परीक्षेत तिला १५० पैकी १०८ गुण मिळाले. जूनमध्ये दुसरी संधी आहे. आईच्या विनंतीवरून लेखिका दर रविवारी दुपारी दोन तास मुलीला शिकवतात आणि मोबदला घेत नाहीत. दीड महिना त्यांनी तिच्याकडून इंग्रजी गोष्टी वाचून घेतल्या. मुलगी रमली, परंतु शाळेच्या चाचण्यांत ती अजूनही आकलनाच्या पंधरा प्रश्नांपैकी नऊच सोडवते, आणि चुकलेल्या सहांपैकी पाच प्रश्न शेवटच्या दोन उताऱ्यांवरचे असतात. आईची नाराजी आता जाणवू लागली आहे. लेखिकेने स्वतः एक पेपर सोडवून पाहिला, तेव्हा त्यांचीही तीन उत्तरे चुकली; तिन्ही प्रश्न लेखकाला काय सुचवायचे आहे, अशा प्रकारचे होते. त्या विचारतात : "ही परीक्षा इंग्रजीची आहे की डावपेचांची? मी तिला वाचायला शिकवू की पर्याय ओळखायला? की सरळ माघार घेऊ? आणि माझी तीन उत्तरे चुकली, हे तिला सांगावे का?"

ताई,

पत्राबरोबर तुम्ही त्या मुलीने सोडवलेल्या एका उताऱ्याचे छायाचित्र पाठवलेत, हे फार चांगले केलेत. असे प्रश्न घेऊन कुणी माझ्याकडे आले की मी मुलाचे गुण विचारत नाही, त्याचा कागद मागते. त्या कागदाकडे मी थोड्या वेळाने येईन. आधी तुम्ही माझ्यापुढे ठेवलेल्या निवडीविषयी बोलू या, कारण वाचायला शिकवणे एकीकडे आणि पर्याय ओळखायला शिकवणे दुसरीकडे, ही विभागणीच मला पटलेली नाही.

इतर वाचकांना पेपरचे स्वरूप कळावे म्हणून थोडे सांगते. गाओकाओ ही चीनमधील विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा आहे आणि २०२४ मध्ये तिच्यासाठी १ कोटी ३४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली होती. एकूण ७५० गुणांपैकी चिनी, गणित आणि परकीय भाषा यांना प्रत्येकी १५० गुण असतात. इंग्रजीच्या दोन तासांच्या पेपरात श्रवणाला ३०, वाचनाला ५०, भाषेच्या वापराला ३० आणि लेखनाला ४० गुण आहेत. वाचनात चार उताऱ्यांवर पंधरा बहुपर्यायी प्रश्न येतात. पाचव्या उताऱ्यात पाच जागा रिकाम्या ठेवून खाली सात वाक्ये दिलेली असतात, त्यांतील दोन जादा. प्रत्येक उत्तराला अडीच गुण. बहुतेक प्रांतांत ही परीक्षा वर्षातून एकदाच, जूनमध्ये होते. झेजियांगमध्ये मात्र परकीय भाषेसाठी जानेवारी आणि जून अशा दोन संधी मिळतात आणि त्यांतील जास्त गुण धरले जातात. म्हणजे तुमच्या शेजारणीच्या मुलीचे १०८ गुण आता कुठेही जात नाहीत. त्या घरात हे सगळ्यांना ठाऊक असेलच, तरी शेवटच्या वर्षाच्या धास्तीत ठाऊक असलेल्या गोष्टीचाही विसर पडतो. तुम्ही ती एकदा मोठ्याने बोलून दाखवा.

आता तुमची तीन चुकलेली उत्तरे. त्यांच्यामुळे परीक्षेविषयी तुमच्या मनात संशय आला आहे, आणि तो का आला असावा याचा मला अंदाज आहे. आपल्याकडे बारावीच्या कृतिपत्रिकेत पाठ्यपुस्तकातला उतारा असतो. तो वर्गात शिकवून झालेला असतो, आणि आपण त्यावर स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहितो. 'तुमचे मत सांगा' असाही प्रश्न असतो. तुम्ही आणि मी याच पद्धतीत शिकलो आणि याच पद्धतीत शिकवले. तिथे अनुभवी वाचकाने उताऱ्यात स्वतःची भर घातली तर तपासणारा खूश होतो. मी बरीच वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या आहेत आणि अशा भर घातलेल्या उत्तरांना आनंदाने गुण दिले आहेत. गाओकाओत पाचही उतारे न वाचलेले असतात आणि विद्यार्थ्याचे मत कुणी विचारत नाही. प्रश्न एवढाच असतो की या कागदावरच्या या तीनशे-साडेतीनशे शब्दांतून काय निघते आणि काय निघत नाही. मुरलेला वाचक तिथेच घसरतो, कारण त्याला त्या विषयावर आणखी चार गोष्टी माहीत असतात आणि त्या तो नकळत उताऱ्यात ओततो. तुमचे इंग्रजी कमी पडले असे मला वाटत नाही. वाचताना उतारा कुठे संपतो आणि आपण कुठे सुरू होतो, ही सीमा पुसट झाली असावी, आणि ती सीमा ओळखणे हा चांगल्या वाचनाचाच भाग आहे.

हे नीट दिसावे म्हणून एक नमुना मी मुद्दाम रचते. समजा, उतारा असा आहे : एका लहान गावातील ग्रंथालयाने पुस्तकांबरोबर शिवणयंत्रे, शिड्या आणि बागकामाची अवजारेही घरी न्यायला देण्यास सुरुवात केली. वस्तू मोडून परत येतील, अशी भीती कर्मचाऱ्यांना वाटत होती. वर्षअखेरीस मोजदाद केली तेव्हा मोडलेली एकच शिडी निघाली, आणि दोन जुनी यंत्रे तर लोकांनी दुरुस्त करून परत आणली होती. शेवटच्या परिच्छेदात ग्रंथपाल म्हणतात की वस्तू परत करायला येणारी माणसे लगेच निघून जात नाहीत, पुस्तकांच्या कपाटांपाशी रेंगाळतात. प्रश्न असा की शेवटच्या परिच्छेदावरून या योजनेविषयी काय सूचित होते? पर्याय चार : कर्मचाऱ्यांवरचा कामाचा भार वाढला, वस्तू मोडण्याची भीती खरी ठरली, अशी योजना सर्व शहरांनी राबवावी, लोकांचा पुस्तकांशी संबंध वाढला.

पहिला पर्याय व्यवहारात अगदी शक्य आहे, पण उताऱ्यात त्याचा मागमूस नाही. दुसऱ्यात शब्द उताऱ्यातलेच आहेत, अर्थ मात्र उलटा केला आहे. तिसरा आपल्याला पटतो, कारण योजना चांगली आहे. पण लेखक एका गावाविषयी बोलतो आहे, सर्व शहरांविषयी नाही. चौथ्यात 'रेंगाळणे' हा शब्दच नाही, तरी अर्थ तोच आहे. चांगल्या प्रश्नपत्रिकेत बरोबर पर्याय बहुधा असाच, उताऱ्याचे शब्द टाळून येतो, आणि चुकीचे पर्याय उताऱ्याचेच शब्द अंगावर घालून येतात. म्हणून शब्द जुळवत बसणारे मूल फसते.

तिथल्या शिक्षकांकडे या चकव्यांसाठी तयार नावे आहेत आणि ती मुलीला नक्की माहीत असतील. त्यांतील एक नाव चार अक्षरी चिनी म्हणीचे आहे. तिचा अर्थ 'झांगची टोपी लीच्या डोक्यावर', आणि एकाने म्हटलेले दुसऱ्याच्या तोंडी घातले असेल तर ती वापरतात. आपल्याकडे 'ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर' आपण निराळ्या अर्थाने म्हणतो, तरी तुम्हाला ती पटकन लक्षात राहील. दुसरे नाव 'नसलेल्यातून असलेले निर्माण करणे'. वरच्या नमुन्यातला पहिला पर्याय तो. तिच्याकडून ही नावे तुम्ही शिकून घ्या. तुमची चिनी भाषा बाजारहाटापुरती आहे आणि तिची इंग्रजी बोलताना अडखळते असे तुम्ही लिहिले आहे. अशा दोघींना एकाच गोष्टीविषयी बोलण्यासाठी चार-पाच पक्के शब्द मिळाले, तर रविवारचे दोन तास बरेच सोपे होतील. चकव्यांची नावे पाठ असूनही ती फसते, याचा अर्थ मात्र असा की आणखी डावपेच शिकवून काही होणार नाही. अडचण त्याआधीची आहे.

ती अडचण मला त्या छायाचित्रात दिसते. पान पेन्सिलीच्या खुणांनी भरलेले आहे. सव्वीस शब्दांच्या डोक्यावर तिने बारीक चिनी अक्षरांत अर्थ लिहिले आहेत, आणि ते बहुतेक सगळे नामांचे आहेत : पाटबंधारे, फळबाग, गाळ, अनुदान. ज्या वाक्यावर तिचा प्रश्न चुकला, त्यात 'हार्डली' हा शब्द आहे आणि त्याच्या डोक्यावर काहीच नाही. तिने तो ओळखीचा समजून सोडून दिला. 'हार्ड' म्हणजे कष्टाचे, म्हणून 'हार्डली' म्हणजे कष्टाने, असे धरले की शेतकऱ्यांनी त्या योजनेवर मोठ्या कष्टाने विश्वास ठेवला असा अर्थ निघतो. प्रत्यक्षात त्यांनी तो जवळजवळ ठेवलाच नव्हता. तिने निवडलेला पर्याय पाहा, तो या चुकीच्या वाचनाशी अगदी सुसंगत आहे. म्हणजे तिचा तर्क बरोबर चालला, पायाखालचे वाक्यच निसटले होते. गाओकाओच्या अभ्यासक्रमात अपेक्षित शब्दसंख्या साधारण ३००० आहे, आणि मोठमोठे शब्द पाठ करण्याच्या धांदलीत 'दो' (though), 'अनलेस', 'रादर दॅन' यांसारखे वाक्याची दिशा फिरवणारे लहान शब्द मुलांच्या नजरेतून सुटतात. तसेच ओळखीचे शब्द अनोळखी अर्थाने येतात : 'अ‍ॅड्रेस' म्हणजे पत्ता एवढेच माहीत असलेल्या मुलाला 'समस्या अ‍ॅड्रेस करणे' कळत नाही, आणि 'फाइन' म्हणजे दंडही असू शकतो हे त्याच्या ध्यानात येत नाही.

त्याच पानावर आणखी एक गोष्ट आहे. दुसऱ्या परिच्छेदातील लांब वाक्याखाली तिने रेघ मारली आहे आणि ती मध्येच थांबली आहे. वाक्याचा कर्ता सुरुवातीला येतो, त्याला 'हू'पासून सुरू होणारे लांबलचक शेपूट आहे, आणि मुख्य क्रियापद त्या शेपटानंतर येते. आपण मराठीत 'गिरणीला माग विकणारी बाई' म्हणतो, म्हणजे वर्णन आधी आणि बाई नंतर. चिनी भाषेतही वर्णन नामाच्या आधीच येते. इंग्रजीत बाई आधी येते आणि वर्णन तिच्यामागून. त्यामुळे ही मुलगी जिथे अडते, तिथेच तुमचे कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थीही अडत असणार, आणि त्यांना तुम्ही या वाक्यांतून कसे बाहेर काढत होता हे तुम्ही विसरलेल्या नाही. शेपटाभोवती पेन्सिलीने कंस काढायचा, तो हाताने झाकायचा आणि उरलेले वाक्य वाचायचे. या बाबतीत तिथल्या कुठल्याही शिक्षकापेक्षा तुम्ही कमी नाही, हे तुम्ही मनाशी नक्की करा.

म्हणून माझे सांगणे असे आहे. तिला आणखी प्रश्नपत्रिका नकोत. शेवटच्या वर्षात उजळणीच्या फेऱ्यांवर फेऱ्या होतात, सराव परीक्षा होतात, रात्रीचा अभ्यासही शाळेतच बसून होतो. कागदांचा तिच्याकडे तुटवडा नाही. भरलेल्या वर्गातील शिक्षकाला एकच गोष्ट शक्य होत नाही : एका मुलीशेजारी बसून, 'तू हा पर्याय का निवडलास?' असे विचारणे आणि उत्तर येईपर्यंत थांबणे. जूनपर्यंत दहा-अकरा रविवार आहेत. एका रविवारी एकच उतारा घ्या, फार तर दोन, आणि तेही शेवटच्या दोन प्रकारांतले, म्हणजे विवेचनात्मक. ते आधीच्या वर्षांच्या खऱ्या गाओकाओ प्रश्नपत्रिकांतून घ्या. बाजारातील सराव संचांचे उतारे बरे असतात, पर्याय मात्र पुष्कळदा घाईने रचलेले असतात, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर खुद्द रचणाऱ्यालाच सिद्ध करता येणार नाही, त्यावर वाद घालण्यात तुमचा रविवार वाया जाईल. उत्तरसूची समोर ठेवू नका. तिने पर्याय निवडला की ज्या वाक्यावरून निवडला त्यावर बोट ठेवायला सांगा. भाषा अपुरी पडली तरी बोट पुरते. मग उरलेले तीन पर्याय एकेक करून घ्या आणि प्रत्येक का बसत नाही तेही उताऱ्यातूनच दाखवायला लावा. सुरुवातीला एका उताऱ्याला तास लागेल, आणि लागू द्या. चुकांची वही तिच्याकडे असेलच, कारण तिथल्या मुलांना ती ठेवायची सवय असते. पण त्या वहीत बहुधा बरोबर उत्तर उतरवलेले असते. त्याऐवजी स्वतःची चूक एका वाक्यात लिहायला सांगा : 'हार्डलीचा अर्थ उलटा घेतला', 'शेतकऱ्यांचे मत लेखकाचे समजले', 'हे मला माहीत होते, उताऱ्यात नव्हते'. चार-पाच रविवारांनंतर तीच तीन-चार वाक्ये पुन्हा पुन्हा येऊ लागतील, आणि तिचे नेमके दुखणे तुमच्याआधी तिलाच दिसेल.

स्पर्धा परीक्षांच्या आकलन उताऱ्यांवर, विशेषतः राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या सीसॅटवर, मला जी पत्रे येतात त्यांनाही मी हेच लिहिते; उतारा मराठीत असला तरी हीच पद्धत चालते.

वेळेचा प्रश्न मे महिन्यापर्यंत बाजूला ठेवा. श्रवण आणि दोन लेखनकृती वजा केल्यावर एका उताऱ्याला सात-आठ मिनिटेच मिळतात हे खरे, परंतु चुकीचे वाचन वेगाने करून काही साधत नाही. सात वाक्यांतून पाच निवडण्याच्या प्रश्नासाठी तिला फक्त मागचे-पुढचे धागे पाहायला शिकवा. वाक्य 'ही अडचण' असे सुरू होत असेल, तर रिकाम्या जागेच्या आधी कुठेतरी अडचण असली पाहिजे. ती पाचपैकी दोन सोडवते असे तुम्ही लिहिले आहे. तिथे सुधारणा सर्वांत लवकर दिसते.

आता गोष्टींविषयी. दीड महिना फुकट गेला असे तुम्ही लिहिले आहे, ते मला मान्य नाही. त्याच पेपरात २५ गुणांची एक लेखनकृती आहे, जिच्यात अर्धवट सोडलेली गोष्ट वाचून पुढचे दोन परिच्छेद लिहायचे असतात. हा प्रकार २०१६ मध्ये झेजियांगनेच सुरू केला. गोष्टींत रमलेल्या मुलीला तिथे फायदा होतो, आणि दुसरा उतारा, जो बहुधा कुणाचा तरी अनुभव असतो, त्यातही होतो. तुम्ही स्वतःच लिहिले आहे की तिच्या सहांपैकी पाच चुका शेवटच्या दोन उताऱ्यांत असतात. तुम्ही तिच्याकडून कथा वाचून घेतल्या आणि ती चुकते विवेचनात; गुण हलले नाहीत याचे कारण मला एवढेच दिसते. म्हणून वाचन सोडू नका, वाचनाचा प्रकार बदला. आठवड्याला एक छोटा लेख द्या, विज्ञानावरचा, शहरावरचा, प्राण्यांवरचा, तिला आवडेल तो. प्रश्न देऊ नका. लेखक कोणत्या बाजूचा आहे आणि ते तुला कोणत्या वाक्यात कळले, एवढेच विचारा. आणि महिन्यातून एखादी गोष्टही असू द्या. शेवटच्या वर्षाच्या त्या रखरखाटात या मुलीला इंग्रजीतले एखादे पान आवडले, ही साधी गोष्ट नाही.

माघार घेण्याचा विचार तुम्ही आईच्या नाराजीमुळे करत आहात, असे पत्रावरून वाटते. त्यांच्या जागी मीही अस्वस्थ झाले असते. एकेका गुणावर शेकडो विद्यार्थी दाटलेले असतात, आणि शेजारच्या बाई रविवारी गोष्टी वाचून घेताना दिसतात. हे काय चालले आहे, हे त्यांना कुणी सांगितलेले नाही. त्यांना चहाला बोलवा आणि मुलीलाच बोलायला लावा. पंधरापैकी नऊवरून बारावर जायचे, म्हणजे साडेसात गुण मिळवायचे, आणि ते शेवटच्या दोन उताऱ्यांतून, असे एक मर्यादित उद्दिष्ट तिघींनी मिळून ठरवा. त्यापलीकडचे आश्वासन देऊ नका, कारण ते तुमच्या हातात नाही. मोबदला घेत नाही हेही तसेच राहू द्या. कुटुंबीय म्हणून मिळालेल्या निवास परवान्यावर तिथे काम करता येत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. हे बोलणे झाल्यावरही त्यांना फक्त गुणांचा आलेख हवा असेल आणि त्या दर रविवारी तो मागणार असतील, तर मात्र प्रेमाने मागे व्हा. मुलीच्या डोक्यावर आणखी एक परीक्षक बसवण्यापेक्षा ते बरे.

तुमची तीन उत्तरे चुकली हे तिला जरूर सांगा. नुसते सांगू नका, येत्या रविवारची सुरुवात त्यांनीच करा. तो कागद तिच्यापुढे ठेवा, तुम्ही निवडलेला पर्याय दाखवा आणि तो का निवडलात हे तिला सांगा. मग बरोबर पर्याय कोणत्या वाक्यावरून निघतो, त्यावर तिला बोट ठेवू द्या. ती जिथे बोट ठेवेल ते वाक्य दोघी मिळून वाचा. एखाद्या प्रश्नात तिचेही बोट चुकीच्या जागी पडले, तर तोच उतारा त्या दिवशी पुरवून घ्या.